सरवरची तब्येत

आमच्या दुसरबीडमध्ये झेबाचं दुकान शोधायचं असेल तर 'ऑनलाईन सेंटर कुठं आहे' असं विचारू नका. तशी बरीच आहेत. 'गादीवाल्याची झेबा' म्हणा, म्हणजे पानठेल्यावरचा माणूस हातातलं पान न सोडता मानेनंच वाट दाखवील. बसस्टँडच्या मागच्या रांगेत तिच्या वडलांचं, बद्रुद्दीनचाचांचं, गाद्या-रजया भरण्याचं दुकान आहे. घर पिढीजात कापूस पिंजणाऱ्यांचं. त्याच दुकानात मधोमध पत्रा ठोकून पुढचा तुकडा झेबानं घेतला. पत्र्यापलीकडे पिंजायचं मशीन, अलीकडे कॉम्प्युटर. कापसाचं तूस उडून कीबोर्डवर बसतं, म्हणून ती मधूनमधून तो उलटा करून झटकते. दुकान बंद करताना कॉम्प्युटरवर रजईच्या खोळीचं फुलाफुलांचं कापड घालते, लहान मुलाला पांघरूण घालावं तसं.

आज तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं, कारण माझी पुष्पांजली रात्रपाळीवर आहे. 'जेवलीस का' असा मेसेज मी केव्हाचा पाठवलाय. त्यावर अजून बरोबरची एकच खूण आहे, दुसरी येत नाही. ती दुसरी खूण आल्याशिवाय मला झोप यायची नाही. आईचा जीव, दुसरं काय. घरातले सगळे झोपलेत. तोवर वही काढली.

झेबा लहानपणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. मी मेहकरच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, लग्नानंतर गावातल्या मुलांची शिकवणी घरीच घ्यायची. झेबा अक्षराखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. बाकीची मुलं हसायची. ही थांबायची नाही. पुढं बारावी झाली, बसनं मेहकरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चाचांच्या दुकानात टेबल टाकलं. चाचा आधी म्हणाले होते, "बेटा, रुई के बाजू में बिजली का खेल?" पण पत्रा त्यांनीच ठोकून दिला.

सुरुवातीला तिनं एकदा चांगलाच मार खाल्ला. 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, नवा करण्यासाठी इथे दाबा' असं पान एका दुपारी समोर आलं. तिला वाटलं, खरंच जुना झाला असेल. दाबलं. त्यानंतर मशीन जणू भुतानं झपाटलं. एक पान उघडलं की आपोआप आणखी पाच उघडत, आणि त्यावर नको नको ती चित्रं. नेमके त्याच वेळी चाचा एका गिऱ्हाइकाला रजईचं कापड दाखवत होते. ते उठले, कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि वरून खोळ टाकली. कितीतरी दिवस तो तसाच भिंतीकडे तोंड करून बसला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मेहकरहून माणूस आणून तिनं तो साफ करून घेतला. पण तेव्हापासून तिच्या कामाची रीतच बदलली. शुक्रवारी नमाजच्या वेळी दुकान रिकामं असतं. तेव्हा ती फोनच्या इंटरनेटवर ब्राउझर नवा करून घेणार म्हणजे घेणार. कोणाचाही पासवर्ड मशीनला लक्षात ठेवू देणार नाही. 'लक्षात ठेवू का' असं विचारणारी खिडकी आली की ती तिच्याशी बोलते, "नको बाई, तू इसर." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कोणतीही साईट उघडली की वरचा पत्ता बोटाखाली धरून मोठ्यानं वाचते. एकेक अक्षर. एन, यू, आर, एस. पत्र्यापलीकडून चाचा विचारतात, "आगे?" ती पुढचं अक्षर सांगते. शेवटापर्यंत नीट जुळलं की चाचा म्हणतात, "चल, खोल." त्यांना इंग्रजी कळत नाही. पण ते विचारतात, आणि त्यांनी विचारल्याशिवाय झेबा पुढं जात नाही.

लोक वैतागायचे. "अवं, त्या मतीनकडं चुटकीसरशी होते काम. तू का पोथी वाचून राह्यली?" मतीन म्हणजे रस्त्यापलीकडच्या सेंटरवाला. भला माणूस, पण घाईचा. झेबा म्हणायची, "त्याच्याकडं जा मंग." पण ते बसूनच राहायचे.

आता बोंडअळीच्या त्या वर्षाचं सांगते. बीटी कापूस हिरवागार उभा होता, बोंडंही भरपूर लागली होती. आणि फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी. ज्या बियाण्याला अळी लागत नाही म्हणून इतकी वर्षं पेरलं, त्यालाच. आमच्या वावरातही तेच. माझे यजमान गजेंद्रराव बोलणं विसरल्यासारखे झाले होते. शेतातून येताना शर्टाच्या खिशात एखादं बोंड घेऊन यायचे, ओट्यावर बसून फोडायचे आणि तसंच फेकून द्यायचे.

त्याच दिवसांत पुष्पांजलीचा नर्सिंगला शेवटच्या फेरीत नंबर लागला. दिवाळी नुकतीच झाली होती. जागा पक्की करायची तर ऑनलाईन होकार द्यायचा, त्यासाठी शेवटचा दिवस ठरलेला आणि वेळ संध्याकाळी पाचपर्यंतची. नाही दिला तर जागा पुढच्या मुलीला. सुलतानपूरहून एक स्थळ आलं होतं. गजेंद्ररावांनी स्पष्टच सांगितलं होतं, "यंदा जागा पक्की झाली तर जाऊ दे. नाही झाली तर पुढच्या सालची गोष्ट माझ्यापाशी काढू नको. सुलतानपूरवाल्यांना हो म्हनून टाकतो." वाईट माणूस नाही ते. ज्याच्या खिशात रोज किडकं बोंड असतं त्याला पुढच्या सालावर भरवसा कुठून ठेवता येणार? पण माझ्या मुलीचं सगळं त्या एका बटनावर येऊन थांबलं होतं.

आम्ही दोघी सकाळीच झेबाकडं जाऊन बसलो. साईट उघडेना. पांढऱ्या पानावर एक चकरी, नुसती फिरतेय.

तिथं आमच्याआधीच अंबूबाई बसलेल्या होत्या. आमच्याच गल्लीतल्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, त्याच्या माघारी त्यांना पेन्शन मिळते. दरवर्षी आपण हयात आहोत असा दाखला द्यावा लागतो आणि तोही आता ऑनलाईन. चार-पाच दिवस त्या रोज येत होत्या आणि झेबा रोज सांगत होती, "आजी, सर्व्हर डाऊन हाय."

अंबूबाईंच्या कानाला 'सर्व्हर' हे 'सरवर' असं ऐकू आलं. आमच्याकडे सरवर नावाची माणसं कमी नाहीत. त्यामुळे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की मुंबईच्या हापिसात झेबाच्या ओळखीचा सरवर नावाचा साहेब आहे, सगळ्यांची कामं तोच करतो, आणि तो बिचारा आडवा झालाय.

"आज कसा हाय सरवर?" त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं.

"तसाच हाय, आजी."

"ताप हाय का?"

झेबानं एकदा खरं सांगून पाहिलं होतं. म्हणाली होती, "आजी, सरवर मानूस नाही हो, मशीन हाय." अंबूबाईंनी तिला उडवूनच लावलं. "मशीन बिघडते, पोरी. आडवा पडते तो मानूस. मले नको शिकवू." मग झेबानं नाद सोडला.

त्या दिवशी तर अंबूबाईंनी पदराच्या गाठीतून एक पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "सुंठ हाय. घरची. मेहकरच्या गाडीत ड्रायव्हरपाशी दे, थो पुढच्या गाडीत देईन. सरवरले म्हना, गुळासंगं घे आन् दोन दिस कोनाचं काम करू नको. सारे त्याच्या उरावर बसले तर थो उठन कसा?"

पुष्पांजली तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. सकाळपासूनचं तिचं ते पहिलंच हसू.

दुपार झाली. चकरी फिरतेच आहे. झेबा थोड्या थोड्या वेळानं पत्ता पुन्हा टाकायची, पुन्हा वाचायची. पलीकडून चाचा, "आगे? आगे?" मशीन त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. विजेचा झटका बसून कॉम्प्युटर बंद पडला तर, ही त्यांना भीती. गिऱ्हाईक आलं तर म्हणत, "आज रुई को छुट्टी है." माझे डोळे सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी पाणीसुद्धा पीत नव्हते. घोट घ्यायला मान वळवली आणि तेवढ्यात ते पान उघडून पुन्हा बंद झालं तर?

आणि तेवढ्यात गजेंद्रराव आले. शेतातून थेट, पायाला माती तशीच.

"अगं, तिकडं मतीनकडं साईट उघडली! काही पोरींचे तर होऊनही गेले. तुम्ही इथं काय भजन करत बसल्या?"

मी उठलेच. झेबा म्हणाली, "काकू, जरासं थांबा. पुष्पा, धावत जा आन् मतीनभाईच्या स्क्रीनचा फोटो काढून आन. वरचा पत्ता नीट येऊ दे."

पुष्पांजली गेली आणि आली. झेबानं फोनवरच्या फोटोखाली बोट धरलं. एन. यू. आर.

"आगे?" चाचा पत्र्याच्या कडेला येऊन उभे.

"आर," झेबा म्हणाली आणि थांबली. "अब्बा, आर दोनदा हाय."

मला काही कळेना. एका अक्षरानं काय होतं? वर कुलुपाचं चित्र होतं, पान हुबेहूब तेच, रंग तेच, बोधचिन्ह तेच. मी म्हटलं, "अगं, कुलूप आहे ना त्यावर?"

"कुलूप तर चोरही आपल्या घराले लावते, काकू."

तिनं तोच दोन आरवाला पत्ता आपल्या मशीनवर टाकला. पान उघडलंच नाही. सगळा पडदा लाल झाला. 'पुढची साईट फसवी असू शकते.' मतीनच्या मशीनवर असं काही का आलं नाही, ते तिनं सांगितलं. त्याचा ब्राउझर जुना, कधी नवा केलेलाच नाही. त्याला हा धोका ओळखताच येत नाही, तो निमूट दार उघडतो.

गजेंद्ररावांचा धीर सुटला. "लाल तर लाल! मागं माझ्या सातबाऱ्याच्या वेळी असंच लाल आलं होतं. तरी झालं का नाही काम? घड्याळ पाह्य जरा. पाचले दार बंद होते. मंग काय तुझं ते आर-आर घेऊन बसू?"

झेबाचा चेहरा उतरला. आवाज मात्र तसाच. "काका, तवा पत्ता बरोबर होता. आज पत्ताच दुसरा हाय. माझ्या हातानं मी दाबनार नाही. पोरीचा सारा कागद, फोनवर येनारा नंबर, समदं त्यांच्या हाती जाईन. तुमाले मतीनभाईकडं जायचं तर जा. मी रागावनार नाही. खरंच नाही."

असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. गजेंद्ररावांनीही माझ्याकडंच पाहिलं. पुष्पांजली तर पाहतच होती. एका बाजूला उघडं दार, दुसरीकडं बंद. मी बी. ए. झालेली बाई, पण कोणतं खरं ते मला सांगता येईना. मला फक्त एवढं कळत होतं की पाच वाजून गेले तर ही पोर उद्यापासून पाहुण्यांपुढं बसणार.

अंबूबाई बसल्या जागी पुढं सरकल्या. त्या म्हणाल्या, "गजेंद्रा, थांब रे बाबू. सरवर इथं बिमार हाय ना?"

"हो ना मावशी, म्हनून तर..."

"मंग तिथं कोन उठून बसला?"

अंबूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

"आँ? एकच हाय ना थो मुंबईले? का जुळा हाय?"

पुष्पांजलीला पुन्हा हसू फुटलं, मलाही. झेबा हसली नाही. ती अंबूबाईंकडे बघतच राहिली. "जुळा नाही, आजी. एकच हाय."

"एकच मानूस इथं आडवा आन् रस्त्यापल्याड ठणठणीत, असं कसं व्हईन? त्याच्या गादीवर दुसराच कोनी बसला असन. बिमार मानसाच्या घरी असंच होते. म्या पाह्यलं हाय."

गजेंद्रराव उभेच होते. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. बोंड काढलं, बोटांमध्ये फिरवलं, फोडलं नाही. "वरून चांगलंच दिसते हे," इतकंच बोलले, आणि चाचांच्या कापसाच्या गाठोड्यावर जाऊन बसले. चाचांनी त्यांच्या हाती चहा दिला.

मी पुष्पांजलीचा हात धरून खाली बसले. "झेबा, आपण इथंच थांबू."

झेबानं आधी मतीनला फोन लावला. तो आधी चिडला, मग घाबरला. मग त्याच्या सेंटरसमोरची गर्दी आमच्याकडं यायला लागली. टेबलाभोवती नुसत्या मुली आणि त्यांच्या आया. चकरी फिरतच होती.

पाच वाजले.

कोणी रडलं नाही, ओरडलं नाही. मेहकरची बस लागल्याचा आवाज आला आणि ज्या मुली बाहेरगावच्या होत्या त्या उठून गेल्या. पुष्पांजली माझ्याकडं न बघता म्हणाली, "चल आई, चपात्या करायच्या आहेत." घरी आल्यावर तिनं खरंच कणीक मळायला घेतली. गजेंद्रराव ओट्यावरूनच म्हणाले, "उद्या सुलतानपूरले फोन करतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं. मनात एकच येत राहिलं: आपण त्या दुसऱ्या दारानं जायला हवं होतं का? आईच्या मनाला पत्ता वाचता येत नाही, कुठंही धावतं.

सकाळी मी दारात सडा टाकत होते. गल्लीच्या टोकाकडून कोणीतरी पळत येताना दिसलं. झेबा. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात चाचांची.

"काकू! सरवर उठला! काकू, सरवर उठला!"

अख्खी गल्ली दारात आली. अंबूबाई ओट्यावर राखुंडीनं दात घासत होत्या. तोंड न धुताच त्या म्हणाल्या, "उठला काय? सुंठ लागू पडली मंग."

"हाव आजी, सुंठच!"

झेबानं पहाटेपासून मशीन चालू ठेवलं होतं. साईट उघडली तेव्हा पहिल्याच पानावर सूचना होती: सेवा बंद राहिल्यामुळे मुदत वाढवली आहे. आम्ही तसेच निघालो. पुष्पांजलीच्या केसांना अजून तेल लागायचं होतं. गजेंद्रराव आमच्या पुढं चालत होते, फोन खिशातच ठेवून.

दुकानात झेबानं पत्ता वाचायला घेतला. तिच्या बोटाबरोबर पुष्पांजलीही वाचायला लागली, आणि मग मीसुद्धा. आम्ही तिघी एका सुरात, लहान मुलं बाराखडी म्हणतात तशा. चाचा, "आगे? आगे?" आर एकदाच आला. "चल, खोल," चाचा म्हणाले. पान उघडलं. पुष्पांजलीच्या फोनवर नंबर आला, तिनं स्वतःच्या हातानं टाकला. हिरवी खूण दिसली.

झेबानं खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. चाचा पलीकडं गेले आणि मशीन सुरू केलं. आदल्या दिवसाचा राहिलेला सगळा कापूस एकदम उडाला. पत्र्यावरून तूस आमच्या डोक्यांवर येऊन बसलं. कोणी झटकलं नाही.

अंबूबाईंचंही काम त्याच सकाळी झालं. झेबा म्हणाली, "आजी, तुमी जित्या हाय असं सरवरनं लिहून देल्लं."

"लई उपकार झाले त्याचे. त्याले सांग, तूही जिता राह्य म्हना."

मतीनच्या सेंटरवर गेलेल्या मुलींपैकी बहुतेकींचं निभावलं. झेबा दिवसभर त्यांना बसवून एकेकीचा पासवर्ड बदलून देत होती. एकीचे भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच. पुढच्या शुक्रवारी मतीन आपलं मशीन पोत्यात बांधून झेबाकडे आला. म्हणाला, "आपा, मेरा भी नया कर दो." तेव्हापासून शुक्रवारी तो स्वतःच ते करतो.

त्यानंतर गावात भाषाच बदलली. साईट बंद असली की लोक झेबाच्या दाराशी येऊन विचारतात, "सरवरची तब्येत कशी हाय?" बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे अर्ज भरायच्या दिवसांत तर चहावालाही रोज विचारून जायचा. ती सुंठ मुंबईला अर्थातच गेली नाही. त्या गर्दीच्या दिवसांत आम्ही ती चहात घालून संपवली. अंबूबाईंना शेवटपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. गेल्या त्या, दोन वर्षांमागं. त्याच्या थोडंच आधी त्यांनी झेबाला जवळ बोलावून विचारलं होतं, "सरवरचं लगीन झालं काय व पोरी? मानूस गुनाचा हाय. तुयासाठी बरा. फक्त तब्येत नाजूक." झेबा हे सांगताना हसते, आणि सांगून झालं की कीबोर्ड उलटा करून उगाचच झटकत बसते.

पुष्पांजली आता नोकरीला लागली. वॉर्डातले लोक तिला सिस्टर म्हणतात. सुलतानपूरच्या मुलाचं लग्न दुसरीकडं झालं, तोही सुखात आहे. गजेंद्ररावांनी कापूस अर्ध्यावर आणला आणि बाकी सोयाबीन. त्यांच्या खिशात आता चष्मा असतो.

मुलगी पहिल्यांदा रात्रपाळीला गेली तेव्हा तिला पाठवलेल्या मेसेजवर दुसरी खूण येईना, म्हणून मी पहाटे पहाटे झेबाचं दार वाजवलं होतं. मनात नाही नाही ते आलं होतं. तिनं माझा फोन हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "काकू, एक खूण हाय म्हनजे पोरीले काही झालं नाही. सरवर झोपला हाय."

आताही एकच खूण आहे. झोपला असेल.